झाड नाही तिथली उंची

३ मार्च २०२५

ही रोजनिशी मी हौसेने लिहीत नाही. ऑफिसचा नियम आहे म्हणून लिहिते. नव्या माणसाने पहिले तीन महिने रोज स्वतःच्या हाताने लिहायचं: काय काम केलं, मापातून काय पुसलं आणि का पुसलं. संगणकात पुसलेल्याचा मागमूस राहत नाही, म्हणून. नियम शहाणपणाचा आहे. या वयात शहाणपणाचा नियम क्वचित भेटतो.

तर मी, विजयमाला धायगुडे, वय बासष्ट, भूगोलाची एम. ए., सरकारी नकाशा कचेरीतून निवृत्त, आज पुन्हा नोकरीवर रुजू झाले. ऑफिस बुधवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. खाली वायरी, स्पीकर आणि रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकानं आहेत. जिन्यात डाखाचा वास भरलेला असतो. मला आवडला. कुणीतरी काहीतरी जोडतंय असं वाटत राहतं.

आमच्या वेळी विमानातून काढलेल्या दोन फोटोंकडे दुहेरी भिंगातून पाहायचं आणि डोंगर उठून दिसला की समोच्च रेषा काढायच्या. आता विमान खाली लेसरचे झोत सोडत जातं. झोत आपटून परत यायला लागलेल्या वेळावरून त्या जागेची उंची निघते. एकेक झोत म्हणजे एकेक ठिपका, असे कोट्यवधी ठिपके. हिमालयातल्या एका दरीवरून ऑक्टोबरात, बर्फ नसताना, एकदा उडायचं, मग हिवाळ्यात पुन्हा पुन्हा. नंतरच्या उंचीतून आधीची वजा केली की बर्फाची जाडी हाती येते. उन्हाळ्यात खालच्या नद्यांना पाणी किती असेल ते त्यावरून सांगतात. गणित तिसरीतलं आहे, यंत्र तेवढं महाग.

शिकवायला ऋतिका नावाची मुलगी आहे, वर्ध्याची. मला काकू म्हणाली. मी म्हटलं, बाई म्हण. तर म्हणे, अवो काकू, बाई म्हटलं की मला शाळेत छडी खाल्ल्यासारखं वाटते. मी म्हटलं, मग काकू म्हण, छडी तशीही मिळेल. हसली. कामाला चोख आहे.

आनंद इथेच कामाला होता हे सगळ्यांना माहीत आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच दरीत हिमकडा कोसळला. तो सापडला नाही. आज कुणी विषय काढला नाही याबद्दल मी आभारी आहे. माझा मुलगा जिथे राहिला ती जागा मला पाहायची होती. आता ती माझ्या टेबलावर आहे, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर आहे.

घरी येताना नातीला, सोनूला, तिळाची चिक्की घेतली.

६ मार्च

आज झाडांचा नियम शिकले. बर्फाची जाडी काढायची तर बर्फावर उभं असलेलं सगळं आधी बाजूला काढावं लागतं. झोत फांदीवर आपटला तर ती फांदीची उंची, बर्फाची नव्हे. म्हणून भोवतालच्या बर्फापेक्षा अर्धा मीटर वर जे दिसेल ते यंत्र ‘झाड’ म्हणून रंगवतं. आपण पाहून खात्री करायची आणि पुसायचं. पुसल्यावर जे भोक पडतं ते यंत्रच आजूबाजूच्या बर्फाच्या उंचीने भरून टाकतं. क्षणात सपाट. काही होतं असं वाटतही नाही.

दरीच्या वरच्या अंगाला एके ठिकाणी सात ठिपके मिळाले, एकावर एक, खांबासारखे. यंत्राने हिरवे रंगवले होते. तेवढ्या उंचीवर गवतसुद्धा उगवत नाही. पुसले. कारण: झाड असणं शक्य नाही, पक्षी किंवा यंत्राची चूक.

ऋतिका म्हणाली, काकू, तुमचे डोळे भारी आहेत, मी तर हे तसंच जाऊ दिलं असतं. मी म्हटलं, जाऊ द्यायचं असतं तर मी घरी मेथी निवडत बसले असते.

घरी सून नम्रता लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, सोनू तिच्या पायाशी चित्रं काढत. आनंद गेल्यानंतर या घरात पहिल्यांदा आज मी काहीतरी गुणगुणत होते असं नम्रताने सांगितलं. मला आठवत नाही.

१२ मार्च

नव्या उड्डाणाची मापं आली. तोच सात ठिपक्यांचा खांब, पण गेल्या वेळेपेक्षा बराच खाली, ओढ्याच्या काठाला. आज शेजारी वर आणखी दोन ठिपके होते, बारीक काठी उभी धरल्यासारखे. पक्षी दोनदा असा थांबत नाही. तरी नियमाप्रमाणे पुसले. कारणाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलं. मला हा शब्द आवडत नाही.

ऋतिका म्हणाली, काठी धरलेला माणूस असेल. ऑफिसचा मालक विक्रम शेजारीच होता. तो म्हणाला, यंदा तिथे माणूस नाही. त्या घटनेनंतर आपण कुणालाच पाठवत नाही.

मग तोच बसला माझ्याजवळ आणि पहिल्यांदा मला नीट सांगितलं. लेसरचं माप खरं की खोटं ते ताडायला खाली एक माणूस लागायचा. लाल-पांढरे पट्टे असलेली काठी बर्फात रोवून, विमान डोक्यावरून जाईपर्यंत त्याने हलायचं नाही. काठी सोडायची नाही, बसायचंही नाही, नाहीतर सबंध पट्टा, म्हणजे विमानाची ती फेरी, वाया जातो. त्याची सुटका दोनच प्रकारे: विमान वरून जाणं, किंवा दुसऱ्या माणसाने येऊन काठी हातात घेणं. त्या दिवशी ढग आले आणि विमान अर्ध्यातून परत फिरलं. बिनतारी यंत्रावर आनंदला निरोप पोचला की नाही ते कुणाला माहीत नाही. नंतर कडा कोसळला.

विक्रम म्हणाला, इतर पोरं विमानाला उशीर झाला की खाली बसायची, काकू. आनंद कधी बसला नाही.

मी म्हटलं, माझाच मुलगा तो. आणि कामाला लागले.

१३ मार्च

सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीवरची आनंदच्या उंचीची पेन्सिलची खूण मोजली. नोकरीला लागला तेव्हा हौसेने काढली होती त्याने, नम्रताच्या खुणेच्या वर, चिडवायला. एक मीटर चौऱ्याहत्तर.

ऑफिसात कालच्या खांबाचं माप काढलं. पुसलेलं होतं, पण मूळ फाइल ऋतिकाकडे असते. एक मीटर चौऱ्याहत्तर.

या उंचीची हजारो माणसं असतील. तसंच लिहून ठेवते.

१९ मार्च

तिसरं उड्डाण. तो आणखी खाली आला आहे, दरीच्या तोंडाशी.

आज पुसलं नाही. बोट कळीवर ठेवलं आणि थांबले. पुसल्यावर काय होतं ते मीच इथे सहा तारखेला लिहिलं आहे: भोक आजूबाजूच्या बर्फाने भरून निघतं, क्षणात सपाट. ते वाक्य परत वाचलं. दोन वेळा मी ते केलं. दोन वेळा तो बर्फातून वर आला होता आणि मी, त्याच्या आईने, माझ्या हाताने त्याच्यावर बर्फ ओढला आणि कारण लिहिलं, एकदा पक्षी, एकदा अज्ञात.

विक्रम म्हणाला की अहवाल मागणाऱ्यांना तिथे झाड दिसलं तर हसतील. मी म्हटलं, हसू देत. तो हळूच म्हणाला, राहू द्या काकू. यादीत त्याची नोंद ‘कमी उंचीची वनस्पती’ अशी गेली. माझ्या मुलाबद्दल दोन वर्षांत झालेली ही पहिली सरकारी नोंद.

२ एप्रिल

दरी रिकामी. कोपरान् कोपरा पाहिला. ओढा, मोरी, लष्कराची चौकी, सगळं आहे. तो नाही.

ऋतिकाने न विचारता चहा आणून ठेवला, बिनसाखरेचा, मला लागतो तसा. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा हरवते तेव्हा शोधायला जायचीही सोय नसते.

९ एप्रिल

बर्फाचं काम संपलं. आता पुण्यातल्या झाडांची उंची मोजायची आहे. तेच विमान, तेच लेसर, इथे मात्र झाडं पुसायची नाहीत, ठेवायची. काम आनंदाचं असायला हवं. खडकीच्या बाजूचे पर्जन्यवृक्ष केवढाले आहेत ते वरून कळतं. आमचे हे दारूगोळा कारखान्यात होते, तेव्हा क्वार्टर्सपासून गेटपर्यंत त्याच झाडांखालून सायकलने जायचे.

जुन्या रेल्वे रुळांजवळच्या मोकळ्या मैदानात, जिथे एकही झाड नाही, सात ठिपके. शेजारी दोन.

त्याच्याभोवती जमीन वर आली आहे. गेल्या वर्षीचं माप वजा केलं तर मैदानावर चार बोटं जाडीचा थर निघतो. ऋतिका हसायला लागली, काकू, सिरीयसली, पुण्यात स्नोफॉल. विक्रमने यंत्राचा दोष म्हणून नोंदवलं. बाहेर चाळीस अंश होते.

आम्ही बोपोडीला राहतो. ते मैदान आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, वाटेत काही खाल्लं असेल का त्याने.

१६ एप्रिल

आमच्या गच्चीवर.

माप स्वच्छ आहे. पाण्याची टाकी, कपड्यांच्या तारा, आणि तारांच्या मधोमध तो. भोवती वीतभर थर.

घरी येऊन वर गेले. ऊन मी म्हणत होतं. काही नाही. फरशीवर अनवाणी पाय ठेवला आणि उचलून घेतला. चटका बसला, पण तो उन्हाचा नव्हता.

सोनूला विचारलं, गच्चीवर खेळायला जातेस का. ती म्हणाली, हो, तो काका असतो ना. आनंद गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. भिंतीवरच्या फोटोतला बाबा हसरा आहे. हा, ती म्हणते, हसत नाही, बोलत नाही, सारखा वर बघतो. तिने त्याला विचारलं की तू बसत का नाहीस, पाय दुखत नाहीत का.

नम्रता आतून ओरडली की आई, तिला असल्या गोष्टी सांगू नका, रात्री झोपत नाही मग. मी म्हटलं, मी नाही सांगत, तीच सांगते आहे. नम्रता ओट्याकडे वळली. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

२१ एप्रिल

सोनू आजारी. अंग गार. ओठांची कड निळसर. एप्रिलात तिला स्वेटर आणि वर गोधडी. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, उलट अंग फार थंड आहे, असं का ते कळत नाही, गरम पाण्याच्या पिशव्या द्या.

मी गच्चीला कुलूप लावलं. नंतर मलाच कसंतरी झालं. दार लावून घेतलं मी, कुणावर, तर त्याच्यावर.

नम्रताने तिला माहेरी नेलं, गुलटेकडीला. तिचे वडील मच्छिंद्रराव मार्केट यार्डात भाजीचे आडतदार आहेत. तिथे माणसं जास्त, लक्ष राहील.

२५ एप्रिल

मच्छिंद्ररावांचा फोन. सोनू तशीच. मग भाजीची तक्रार सुरू केली, त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. आज पहाटे गाळ्यावरची सबंध कोथिंबीर जळाली, उन्हाने नाही, गारठ्याने. पानं काळी पडून काचेसारखी झाली होती. म्हणाले, विहीणबाई, चाळीस वर्षं भाजी विकतोय, चैत्रात दहिवर गोठलेलं पाह्यलं नव्हतं. हमाल म्हणत्यात, हिमालय आला का काय यार्डात.

मी फोन ठेवला.

तो घरी आलाच नव्हता. तो सोनूकडे आला आहे.

२९ एप्रिल

गुलटेकडीचा पट्टा आला. मच्छिंद्ररावांच्या इमारतीची गच्ची. थर गुडघ्याएवढा. तो आहे.

त्याच्या शेजारी एक लहान खांब.

चार ठिपके. उंची काढली नाही. काढावी लागली नाही — फ्रॉक मीच शिवते तिचे.

विमान गेलं तेव्हा सोनू अंथरुणात होती. नम्रता उशाशी होती. मी फोन करून विचारलं, तू नक्की तिथेच होतीस ना. ती म्हणाली, हात हातात धरून होते, आई. असं का विचारता.

ऋतिकाने स्क्रीन पाहिला. हसली नाही. काठीचे दोन ठिपके दोन्ही खांबांच्या मध्ये आले होते. गेल्या वेळी ते त्याच्या बाजूला होते.

विक्रमने लहान खांब पुसू का विचारलं. मी त्याचा हात धरला. इतक्या जोरात की —

पुसायचं नाही. पुसलं की भरून येतं.

१ मे

गुलटेकडीला गेले. सोनू जागी होती. आवाज अगदी बारीक. तिने सांगितलं —

काकाचे हात दुखतात. तिने त्याला म्हटलं आहे, मी धरते तुझी काठी, तू बस जरा. तो नाही म्हणाला. मान हलवली. पण रोज विचारलं तिने. काल त्याने काठी थोडी पुढे केली.

पुढच्या वेळी विमान आलं की धरणार आहे, म्हणाली.

चांगलं शिकवलं आहे आम्ही तिला. कुणी दमलं की मदत करावी.

२ मे

रागावले त्याच्यावर. मच्छिंद्ररावांच्या गच्चीत उभी राहून मोठ्याने. ती तुझी मुलगी आहे, आनंद. दिसत नव्हता. तरी बोलले. दोन वर्षं साठलेलं सगळं.

तिला ओळखत नाही तो. चार वर्षांची सोडून गेला. त्याला फक्त एवढंच कळतं की कुणीतरी काठी घ्यायला आलं आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आलं.

आणि वरून विमान अर्ध्यातून परत फिरलेलं. त्या पट्ट्यांवरून ते पुन्हा उडलं, पण त्याच्यासाठी नाही. त्याचा पट्टा अपुराच आहे. म्हणून तो उभा.

दोनच प्रकारे सुटका. विक्रमने सांगितलं होतं.

५ मे

ऋतिकाने सांगितलं, गुलटेकडीचं शेवटचं उड्डाण उद्या, ऊन डोक्यावर असताना. मग काम संपलं.

तिने विचारलं नाही मी का विचारते. जाताना मिठी मारली. पोरीचे हात गरम होते.

नम्रताला सगळं सांगितलं. सगळं. तिने ऐकलं. म्हणाली, आई, मी घेते काठी. मी म्हटलं, तुला सोनू आहे. म्हणाली, तुम्हालापण आहे. मी म्हटलं, मला आनंद आहे. मग तिने माझे केस विंचरून दिले, लहान मुलीचे विंचरतात तसे.

६ मे, मच्छिंद्ररावांची गच्ची

वेळ थोडा. लिहून ठेवते. नियम आहे.

नम्रताला दिलं — बोपोडीच्या घराच्या किल्ल्या. चौकट रंगवू नकोस.

सोनूला — माझं जुनं दुहेरी भिंग. डोंगर उठून दिसतात त्यातून. खाली तिच्या अंगावर आता दोन गोधड्या आहेत. निजली आहे. जागं करू नये.

विक्रमला — ही रोजनिशी. पुसलेलं सगळं यात लिहिलं आहे. दोन वेळा पुसलं ते चुकीचं होतं.

ऋतिकाला — माझा चहाचा कप.

दिसतो आहे. आता दिसतो. दाढी वाढली आहे. पापण्यांवर बर्फ. वर बघतो आहे. काठी पुढे केलेली, पण सोनू नाही म्हणून गोंधळला आहे.

मी म्हटलं, दे इकडे.

ओळखलं का — माहीत नाही. माझ्याकडे पाहिलं खरं.

काठी — आनंद रंगराव धायगुडे यांच्याकडून विजयमाला रंगराव धायगुडे यांनी घेतली. जागेवर, विमान यायच्या आधी. सही खाली.

त्याने बोटं सोडवली. एकेक. मग खाली बसला. भिंतीला टेकून, पाय पसरून, लहानपणी शाळेतून आल्यावर बसायचा तसा. मी त्याला बसताना पाहिलं.

खालून सोनूचा आवाज येतो आहे, नम्रताकडे पाणी मागते. मोठ्याने. थंड पाणी हवं म्हणते.

गार आहे. हात

विक्रम, माझी उंची एक मीटर छप्पन्न. पुढे कधी, जिथे झाड नाही तिथे, एवढ्या उंचीचं काही दिसलं तर वनस्पती लिहू नका. पुसू नका. आणि कुणालाही जवळ येऊ

विमान. ढग नाही एकही. पण ते वळतं आहे, अजून पुरतं वर आलेलं नाही आणि ते वळ